चालत्या तांड्याची शिदोरी



पुसद तालुक्यात गहुली नावाचे एक छोटे गाव आहे. १ जुलै १९१३ रोजी या गावी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हे यवतमाळ जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गहुली हे गाव मुळात वसले कसे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग हे बंजारा तांड्याचे नायक होते. ज्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर घर लादून चालत राहिल्या, त्या समाजातील एक तांडा त्यांनी या मातीत स्थिर केला. तांड्याचे गाव झाले आणि नायकीवरून घराण्याला ‘नाईक’ हे नाव मिळाले. आजोबांच्या हाती तांड्याची नायकी होती, नातवाच्या हाती राज्याचा कारभार आला.

अलीकडे शहरांतील काही तरुण घर सोडून बाराही महिने प्रवासात राहतात. पाठीवरच्या पिशवीत संगणक असतो, काम वाटेतच चालते. प्रवासाने आपल्याला काय शिकविले, याविषयी ते लिहितात, बोलतात. त्यांचे कौतुक जरूर करावे. पण ज्यांचा जन्म वाटेवर, लग्न वाटेवर आणि अखेरचा निरोपही वाटेवरच होत असे, त्या समाजाला चालण्याने काय शिकविले, हे विचारण्यासाठी यवतमाळकरांना दूर जावे लागत नाही. दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, महागाव, उमरखेड या भागांतील शेकडो तांडे त्या अनुभवाचे वारसदार आहेत. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

लदेणीचे जीवन

बैलांवर माल लादून गावोगाव, प्रांतोप्रांती नेण्याच्या व्यवसायाला गोरबोलीत ‘लदेणी’ म्हणतात. ‘लमाण’ हे नाव अनेक अभ्यासक ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडतात. समुद्रकाठी तयार झालेले मीठ वऱ्हाडातल्या गरिबाच्या भाकरीपर्यंत येत असे ते बैलाच्या पाठीवरील गोणीतून. परतीच्या वाटेवर धान्य, कापूस, तेलबिया. जेथे गाडीची चाके चालत नाहीत अशा घाटांतून आणि जंगलांतून हा व्यापार चालत असे.

त्याचे प्रमाण किती मोठे होते? पीटर मुंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये वाटेत एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले १४ हजार बैल होते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. असा तांडा अरुंद वाटेवर समोर आला, की इतर प्रवाशांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबावे लागे. वऱ्हाडात तर भंगी आणि जंगी या राठोड नायकांची कथा पिढ्यांनी जपली आहे. शहाजहानच्या काळात दक्षिणेत उतरलेल्या मोगल फौजेला त्यांनी रसद पुरविली आणि त्यांच्यापाशी १ लाख ८० हजार बैल होते, असे ही परंपरा सांगते. आकडा कथेतला आहे, पण ज्यांच्यावाचून फौजांचे पोट भरत नसे, त्यांची प्रतिष्ठा त्यातून कळते.

जगात इतरत्रही असे समाज झाले. सहारा वाळवंटात उंटांच्या काफिल्यांनी मिठाच्या लाद्या शेकडो मैल वाहून नेल्या. मात्र बंजाऱ्यांचा तांडा हा केवळ व्यापाऱ्यांचा काफिला नव्हता. त्यात म्हातारेकोतारे होते, बाळंतिणी होत्या, तान्ही मुले होती, राखणीचे कुत्रे होते. ते एक चालते गाव होते. म्हणूनच त्याने जे धडे घेतले, ते एकट्या प्रवाशाला सहसा मिळत नाहीत.

ओझे आणि वेग

पहिला धडा ओझ्याचा. बैलाच्या पाठीला मर्यादा असते. गोणी मालाने भरायची, कारण त्यावर पोट अवलंबून. मग घरासाठी उरते किती? दोन-चार भांडी, पांघरुणे, दळणाचे जाते. ज्याच्यावाचून चालते, ते मागे ठेवावयाचे हा नियम तांड्याला कोणा तत्त्वज्ञाने शिकविला नाही, तो बैलाच्या पाठीने शिकविला. पण म्हणून तांडा कळाहीन राहिला नाही. फेटिया-कांचळीवरचे भरतकाम, त्यात जडविलेली आरशांची भिंगे, हातभर बांगड्या आणि चांदीचे दागिने हे बंजारा स्त्रीचे वैभव तिच्या अंगावरच असे. तिजोरीची सोय नव्हती, म्हणून अडीअडचणीची पुंजीही अंगावरच. मोजक्या वस्तूंत राहावयाचे, पण त्या सुंदर करून वापरावयाच्या, ही दृष्टी अशा जगण्यातून आली.

दुसरा धडा वेगाचा. हा तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नाही, असे मुंडीने नोंदविले आहे. सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. आज यवतमाळहून पुसदला आपण दोन-अडीच तासांत पोहोचतो, तांड्याला हेच अंतर कापण्यास आठवडा-दहा दिवस लागले असते. वेग ठरविणारा तांड्यातला सर्वांत बळकट बैल नव्हता. सर्वांत थकलेले जनावर आणि सर्वांत लहान पाऊल यांच्या मानाने चाल ठरे. जनावरांना वाटेत चरावयास वेळ मिळाला नाही, तर उद्याची मजल होणारच नाही, हे ओळखूनच प्रत्येक दिवसाची चाल बेतलेली असे.

मुक्कामाविषयी एक हृद्य प्रथा रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात दिली आहे. बालाजीला वाहिलेला ‘हातादिया’ नावाचा एक बैल तांड्याच्या अग्रभागी चालत असे. त्याच्या पाठीवर कधीच ओझे ठेवीत नसत. लाल रेशमी पट्ट्या, पितळी साखळ्या, घंटा, कवड्यांच्या माळा, गोंडे असा त्याचा साज असे. थकून तो जेथे बसेल, तेथे त्या दिवसाचा मुक्काम. हजारो बैलांचा धनी असलेला नायकही तेथे पुढे चला असे म्हणत नसे. कोणी याला भोळी श्रद्धा म्हणेल. परंतु माणसाच्या लोभाला रोज संध्याकाळी थांबविण्याचा अधिकार एका मुक्या जिवाच्या हाती सोपविण्यात केवढे शहाणपण आहे, याचा विचार धावपळीच्या आजच्या काळात अवश्य करावा.

शब्द आणि सोबत

तिसरा धडा शब्दाचा. चालत्या माणसाला सातबारा नसतो, दुकानाची पाटी नसते. सावकार त्याला माल देतो, शेतकरी धान्य देतो, ते कशाच्या भरवशावर? पुढच्या मोसमात हाच नायक याच वाटेने येईल आणि हिशेब चुकता करील, या भरवशावर. एका गावी शब्द मोडला, तर ती वार्ता तांड्याच्या आधी पुढच्या गावी पोहोचे. १८०३ मध्ये वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रज व मराठे यांची युद्धे झाली. त्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते. लढणाऱ्या दोन्ही पक्षांना त्यांची गरज भासे, म्हणून युद्धाच्या धुमाळीतही तांड्याला बहुधा वाट मिळे.

चौथा धडा सोबतीचा. तांड्यात नायक असे, कारभारी असे, आणि तंटा झाला तर ‘नसाब’ म्हणजे न्यायाची बैठक बसे. कोर्टकचेरी मागे राहिलेल्या शहरात, आणि उद्या पुन्हा एकाच वाटेने चालावयाचे! रानात ज्याच्याशी भांडण, त्याच्याच भरवशावर रात्री झोपावयाचे असते. त्यामुळे वाद मिटविण्याची कला ही तांड्याची रोजची गरज होती. स्त्रियाही बैल हाकीत, गोण्या लादण्यास हात लावीत. घर चालविणे या शब्दाचा अर्थ तेथे अक्षरशः घर चालते ठेवणे असा होता.

या सर्वांवर कळस चढविणारा एक प्रसंग दिल्लीत घडला. नोव्हेंबर १६७५ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने गुरू तेगबहादूर यांचा चांदणी चौकात शिरच्छेद झाला. त्यांच्या देहाला हात लावण्यास कोणी धजावेना. तेव्हा लखीशाह वणजारा यांनी आपल्या गाड्यांच्या काफिल्यातून तो देह रायसीना येथील आपल्या घरी नेला. उघडपणे चिता रचणे अशक्य होते. त्यांनी गुरूंच्या देहासह आपले राहते घरच पेटवून दिले. आज तेथे रकाबगंज गुरुद्वारा उभा आहे. घर ही वस्तू प्रसंगी देऊन टाकावयाची असते आणि धर्म ही वस्तू कधीच टाकावयाची नसते, हे त्या चालत्या माणसाला नेमके कळले होते. भरल्या घरात बसणाऱ्या कितीजणांना हे जमले असते?

सेवालाल महाराजांची शिकवण

तांड्याचे जीवन म्हणजे निर्भेळ सद्‌गुणांची खाणच होती, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. व्यसने होती, तंटे होते, पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख नव्हती. आजारी माणसाला वैद्य मिळेपर्यंत उशीर होई. या उणिवा तांड्यातल्याच एका सत्पुरुषाने ओळखल्या. संत सेवालाल महाराज यांचा जन्म परंपरेनुसार १५ फेब्रुवारी १७३९ चा. तेही लदेणी करणाऱ्या नायक घराण्यातील. गुरे राखीत आणि तांड्याबरोबर चालत त्यांनी लोकजागरण केले. चोरी करू नका, खोटे बोलू नका, दारूपासून दूर राहा, स्त्रीचा मान राखा, झाडे आणि पाणी जपा, ही त्यांची शिकवण. पुढे एक काळ असा येईल की पाणीही विकत घ्यावे लागेल, असे त्यांनी सांगून ठेविल्याचे तांड्यांतील वृद्ध आजही सांगतात. ज्याला दर संध्याकाळी हजारो जनावरांसाठी पाणवठा शोधावा लागतो, त्याला पाण्याचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही.

महाराजांनी १८०६ मध्ये आपल्या याच जिल्ह्यात, दिग्रस तालुक्यातील रुईगड येथे देह ठेविला, अशी श्रद्धा आहे. त्यांची समाधी शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी येथे आहे. रामनवमीला देशाच्या अनेक प्रांतांतून लाखो बंजारा बांधव तेथे येतात. कर्नाटकातला, तेलंगणातला, राजस्थानातला बंजारा तेथे भेटतो आणि एकाच गोरबोलीत बोलतो. राज्यांच्या सीमा त्याच्या पूर्वजांच्या बैलांनी कधी मानल्याच नव्हत्या. आसेतुहिमाचल हा देश एक आहे, हे त्यांना पायांनी कळले होते.

चाल थांबली ती कशी

मग हे चालणे थांबले कसे? १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. महिन्यांची वाट दिवसांवर आली आणि मीठ व धान्य डब्यांतून जाऊ लागले. पुढे कापसासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे झाली, तीच आपली ‘शकुंतला’. बैलाची पाठ मोकळी झाली, पण त्याबरोबर लदेणीवाल्याचा हातही रिकामा झाला. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे गटही त्यात ओढले गेले. कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर सावकार माल देत होता, त्यांच्याकडे आज पोलीस संशयाने पाहू लागला. चालणे हाच अपराध ठरला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे तो या बांधवांच्या मानेवर होता, ही गोष्ट साऱ्या समाजाने खाली मान घालून ऐकावी अशी आहे.

या पडत्या काळात काही नायकांनी दूरदृष्टी दाखविली आणि तांडे जमिनीशी जोडले. गहुली हे त्याचे उदाहरण. वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण जवळपासच्या गावांतून, म्हणजे पुन्हा चालतच, झाले. नागपूरला ते पदवीधर झाले, वकील झाले. १९७२ च्या भीषण दुष्काळात त्यांच्याच कारकिर्दीत रोजगार हमीची कामे राज्यभर उभी राहिली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात स्थापन झाली. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि जलसंधारणाचा विषय त्यांनी जीवनकार्य मानला. दुष्काळात कोणी मागे राहू नये आणि गावचे पाणी गावातच मुरावे, या दोन्ही चिंता तांड्याच्या नायकाच्याच आहेत. लदेणी संपली तरी शिदोरी संपली नव्हती.

आजचे चालणे

येथे हे व्याख्यान संपविता आले असते. पण आपल्या जिल्ह्यातले वास्तव तसे करू देत नाही. चाल आजही थांबलेली नाही. पावसाच्या भरवशावरचे पीक हाती आले किंवा बुडाले, की अनेक तांड्यांतील कुटुंबे बिऱ्हाड बांधतात. कोणी ऊसतोडीला जाते, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. वरवर पाहता हाही प्रवासच. मग फरक कोठे आहे?

एकेक धडा घेऊन पाहा. लदेणीत बैल स्वतःचे होते, आज कोयता हाती घेणाऱ्या जोडप्याच्या डोक्यावर आधीच घेतलेली उचल असते. तेव्हा पुढे नायक होता, तो तांड्यातलाच आणि नसाबपुढे उत्तरदायी. आज पुढे मुकादम असतो, आणि त्याच्या हिशेबाची वही मजुराला वाचता येतेच असे नाही. तेव्हा थकलेल्या बैलासाठी हजारोंचा तांडा थांबे, आज ताप आलेल्या बाईलाही फड थांबवून बसता येत नाही, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. तेव्हा सगळे गाव बरोबर चाले, आज म्हातारे मागे राहतात आणि मुलांची शाळा ऐन सत्राच्या मध्यावर सुटते. पाय तेच आहेत, वाटही लांबचीच आहे, पण निवड हरवली आहे. प्रवास माणसाला शहाणे करतो हे खरे, पण ज्याला नाही म्हणण्याची मुभा नसते, त्याला तो केवळ थकवितो.

तेव्हा आपले कर्तव्य काय? भटक्या-विमुक्तांसाठी रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये आपापले अहवाल केंद्र शासनाला दिले. शासनाने आपले काम करावे, त्यासाठी आग्रहही धरावा. परंतु प्रत्येक गोष्टीसाठी दिल्लीकडे पाहण्याची आवश्यकता नाही. आई-वडील हंगामासाठी बाहेर गेले तरी मूल गावातच राहून शिकेल, असे हंगामी वसतिगृह एखाद्या गावातले दहा सज्जन मिळून नेटाने चालवू शकतात. उचलीचा कागद वाचून दाखविणारा एक शिकलेला तरुण तांड्यात असला, तर फसवणुकीला पुष्कळ आळा बसतो. शिवारात पाणी अडले आणि दुसरे पीक निघाले, तर त्या हंगामात घराला कुलूप लावावे लागत नाही. ही कामे लहान दिसतात. पण हातादिया बैलही मोठमोठ्या मजला मारीत नव्हता. तो रोज थोडे चाले आणि सर्वांना घेऊन चाले.

दिवाळीच्या रात्री बंजारा तांड्यात ‘मेरा’ मागण्याची प्रथा आहे. कुमारिका हाती दिवा घेऊन आधी नायकाच्या दारी जातात आणि मग प्रत्येक घरी जाऊन त्या घराचे मंगल चिंतितात. एकही दार वगळावयाचे नसते. ज्या दारांवरून हा दिवा फिरतो, त्यांतल्या कित्येकांना दिवाळी सरताच कुलूप लागते आणि दिवा धरणारी मुलगीही आई-बापांमागून फडावर जाते. यंदाच्या दिवाळीनंतर आपल्या ओळखीच्या एका तांड्यावर जावे, किती दारांना कुलूप आहे ते मोजावे आणि पुढच्या वर्षी त्यांतले एक तरी कमी कसे होईल, याचा विचार तेथेच बसून, तेथील लोकांबरोबर करावा. एवढा संकल्प घेऊन यवतमाळकरांनी या सभेतून उठावे.